दापोली: शिकायला येणारे आणि चाकरीला जाणारे. लोकसंख्या व अर्थकारणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील दापोली हे तालुक्याचे ठिकाण कृषी विद्यापीठामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. येथे प्रवेश घेणारे विद्यार्थी व त्यांचे पालक, बदलीवर येणारे कर्मचारी, घर किंवा गाळा घेऊ पाहणारे लोक आणि तालुक्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जिल्हा व तालुक्याचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

दापोलीची लोकसंख्या नेमकी किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

कारण ‘दापोली’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. तालुक्याची लोकसंख्या १,७८,३४० आहे. नगरपंचायतीच्या हद्दीतील, म्हणजे जुन्या कॅम्प दापोलीची वस्ती पंधरा-सोळा हजारांच्या घरात आहे. तिसरी दापोली बाजारात उभे राहिल्यावर दिसते, पण कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. गिम्हवणे, जालगाव, मौजे दापोली अशी लगतची गावे कागदावर ग्रामपंचायती असली, तरी तेथील माणसाचा दवाखाना, बँक, शाळा आणि भाजी हे सगळे शहरातच असते. त्यामुळे दुकान टाकणाऱ्याने नगरपंचायतीच्या आकड्यावर हिशेब मांडला, तर तो निश्चितच कमी भरेल.

जिल्ह्याची लोकसंख्या घटली, हे खरे आहे का?

होय. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ लोक होते आणि २०११ मध्ये ते १६,१५,०६९ झाले, म्हणजे दहा वर्षांत ४.८२ टक्के घट झाली. त्या दशकात महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहरातून माणसे उपनगरांकडे सरकली, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच उपनगरांत व त्यांच्याही पलीकडे जाऊन राहिले. या तीन घटी एकाच तक्त्यात शेजारी शेजारी दिसतात, तो केवळ योगायोग नव्हे. चाकरमान्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाटेचीच ती दोन टोके आहेत.

दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा आकडा चांगला की वाईट?

२०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे स्त्री-पुरुष प्रमाण राज्यात सर्वाधिक होते, आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते अभिमानाने सांगितले जाते. अभिमान बाळगण्याआधी शून्य ते सहा या वयोगटाचा तक्ता मात्र पाहावा. तेथे मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच आहे, जशी ती राज्यात इतरत्रही आहे. अर्थात येथे मुली जास्त जन्मतात असे नसून, मुलगे मोठे झाल्यावर गाव सोडून जातात. गिरण्यांच्या काळात पुरुष मुंबईला आणि बायको, म्हातारे आईवडील व शेती गावाला, अशी घराची वाटणी होती आणि घर मनीऑर्डरवर चाले. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा आधार गेला, पण जाण्याची सवय गेली नाही. फरक इतकाच पडला की पुढच्या पिढीने बायकामुलांनाही बरोबर नेले. २००१ मध्ये हेच प्रमाण ११३६ होते. ते थोडे खाली आले, त्यामागे स्त्रियाही बाहेर पडू लागल्या हे एक कारण असावे, असे वाटते.

अशा घटत्या जिल्ह्यात दापोली शहर भरलेले कसे दिसते?

या पानावरील सर्व प्रश्नांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. दापोली तालुक्यातील खेड्यांतून माणसे बाहेर जातात आणि दापोली शहरात माणसे आत येतात. मात्र जाणारे आणि येणारे वेगळे आहेत, त्यांची वये वेगळी आहेत आणि त्यांचे महिनेही वेगळे आहेत. जाणारा वीस-बावीस वर्षांचा स्थानिक तरुण असतो आणि गणपतीला व शिमग्याला परत येतो. येणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी असतो, बहुधा घाटावरचा, आणि त्याच सणांना बॅग भरून आपल्या गावी जातो. गणपतीच्या आठवड्यात दापोलीच्या स्थानकावर उभे राहिल्यास मुंबईहून आलेल्या गाड्यांतून उतरणारे आणि पुणे-सातारा-कोल्हापूरकडच्या गाड्यांत चढणारे हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी दिसतात. एकूण गर्दीवरून या गावाचा अंदाज बांधता येत नाही, त्याचे कारण हे आहे.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याची गणना दापोलीत होते की त्याच्या गावी?

दापोलीत. जनगणनेत माणसाची नोंद त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी होते. मूळ गाव, शिधापत्रिका किंवा मतदारयादी यांचा तिच्याशी संबंध नसतो. वसतिगृह, तुरुंग, आश्रम अशा ठिकाणी एकत्र राहणाऱ्या, परस्परांशी नाते नसलेल्या लोकांची नोंद ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणून होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांची गोष्ट अधिक गमतीची आहे. जनगणनेच्या दृष्टीने ज्यांची चूल एक, ते एक कुटुंब. एका खोलीतील चार मुले मिळून स्वयंपाक करत असतील, तर ती चार आडनावांची मुले एक कुटुंब ठरतात. मेसचा डबा खात असतील, तर नियमाच्या काटेकोर अर्थाने ती एकाच छताखालची चार स्वतंत्र कुटुंबे होतात. म्हणून महाविद्यालयीन गावातील ‘सरासरी कुटुंबाचा आकार’ हा तक्ता वाचताना थोडे सबुरीने घ्यावे.

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि तिचा संदर्भ-क्षण १ मार्चचा होता. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. याचा अर्थ असा की गणना झाली तेव्हा विद्यापीठाचे सत्र चालू होते आणि वसतिगृहे भरलेली होती, तर चाकरमानी शिमग्यासाठी गावी यायला अजून तीन आठवडे अवकाश होता. तालुक्याचे जे चित्र त्या आकड्यांत उमटले, त्यात बाहेरची मुले धरली गेली आणि घरची मुले सुटली.

याचा परिणाम कोणत्या आकड्यांवर होतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंधरा हजार वस्तीच्या गावात बाहेरून आलेले दोन हजार विद्यार्थी राहत असतील, तर दर साडेसात माणसांमागे एक माणूस अठरा ते तेवीस वयाचा, साक्षर आणि बिनकमाईचा असतो. त्यामुळे गावाचे सरासरी वय खाली येते, साक्षरता वर जाते आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण घटते, कारण पूर्णवेळ विद्यार्थ्याची नोंद ‘काम न करणारा’ अशी होते. प्रत्यक्षात मूळ गावकऱ्यांच्या जीवनात काहीच बदललेले नसते. तालुक्यातील खेड्यांत याच्या नेमके उलट घडते: तरुण गेल्यामुळे सरासरी वय वाढते, घरटी माणसे कमी होतात आणि शेतीवर राबणाऱ्यांत स्त्रिया व वृद्ध यांचा वाटा मोठा दिसतो. शहर आणि खेडी यांची बेरीज करून तालुक्याची सरासरी काढली, की दोन्ही टोके एकमेकांना झाकतात आणि कोठेच अस्तित्वात नसलेले एक सामान्य गाव कागदावर तयार होते.

दापोली शिक्षणाचे गाव कधीपासून आहे?

विद्यापीठाच्या कितीतरी आधीपासून. इंग्रजांनी समुद्रसपाटीपासून उंचावरील या थंड पठारावर लष्करी तळ वसवला आणि त्यामुळे ‘कॅम्प’ हे नाव आजही टिकून आहे. पुढे येथे निवृत्त सैनिकांची वस्ती झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ येथे राहिले होते. मिशनच्या इंग्रजी शाळेमुळे पंचक्रोशीतील मुले दापोलीत येऊ लागली. भारतरत्न पां. वा. काणे आणि पालगडचे साने गुरुजी या दोघांचेही शालेय शिक्षण दापोलीत झाले.

याच तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांची हकीकत मात्र उलट दिशेची आहे. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. आज सातारा-सांगलीकडची मुले पदवीसाठी तोच डोंगर उतरून खाली येतात.

आज येथे कोणत्या शिक्षणसंस्था आहेत?

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही अर्थातच प्रमुख संस्था. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे आणि विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. राज्यातील राहुरी, अकोला आणि परभणी यांच्याबरोबरचे हे चौथे कृषी विद्यापीठ असून संपूर्ण कोकण त्याच्या कार्यक्षेत्रात येते. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी यांचे शिक्षण दापोलीतच मिळते. मत्स्य महाविद्यालय मात्र रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. पदवीबरोबरच पदव्युत्तर व पीएच.डी.चे विद्यार्थीही येथे असतात. याशिवाय शहरात कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये आणि होमिओपॅथीचे महाविद्यालय आहे. कला-वाणिज्यकडे मुख्यतः तालुक्यातीलच मुले-मुली येतात आणि बहुतेक जण रोज एसटीने घरी परततात. त्यामुळे ‘दापोलीतील विद्यार्थी’ हा एकसंध गट समजू नये: एक वर्ग येथे राहतो व खर्च करतो, दुसरा येथे फक्त शिकतो.

विद्यार्थ्यांमुळे गावात पैसा कसा फिरतो?

सर्वांत उघड दिसणारा भाग म्हणजे खोल्या, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, जुन्या मोटारसायकली आणि संध्याकाळची खाऊगल्ली. घाटावरच्या मुलांना भाताआधी भाकरी-चपाती लागते, म्हणून भाताच्या मुलखातील मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या बायकांना कायमचे काम मिळाले आहे. ही कमाई लहान वाटली तरी ती थेट घरातील बाईच्या हातात पडते. कृषी पदवीधरांमध्ये स्पर्धा परीक्षांची ओढ मोठी असल्याने पदवी झाल्यावरही वर्ष-दोन वर्षे राहून अभ्यास करणारी मुले असतात, आणि खोलीमालकांना हे भाडेकरू विशेष प्रिय असतात, कारण ते सुटीतही खोली सोडत नाहीत.

तथापि गावाच्या अर्थकारणाला खरा आधार देतात ते पगार. प्राध्यापक, संशोधक, कार्यालयीन कर्मचारी आणि प्रक्षेत्रावरील मजूर यांचे वेतन शासकीय तिजोरीतून येते. आंब्याचे पीक बुडाले किंवा समुद्र खवळला तरी ते थांबत नाही. लहरी निसर्गावर चालणाऱ्या तालुक्यात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या या पैशावरच बँका, वाणी आणि घरबांधणीचे ठेकेदार उभे आहेत. नंतर याच पगारांतून निवृत्तिवेतन येते, आणि घाटावरून नोकरीला आलेले अनेक जण येथेच घर बांधून स्थायिक होतात. लष्करी पेन्शनरांच्या जुन्या कॅम्पाला हे नवे पेन्शनर शोभून दिसतात.

विद्यापीठाचा शेतकऱ्यांना प्रत्यक्ष काही फायदा झाला का?

झाला, आणि विद्यार्थ्यांच्या खर्चापेक्षा तो कितीतरी मोठा आहे. केवळ तो शहरात न दिसता डोंगरउतारावर दिसतो. हापूस एक वर्षाआड धरतो, ही कोकणातील बागायतदाराची जुनी डोकेदुखी. पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे ‘कल्टार’, झाडाच्या बुंध्याशी योग्य वेळी व योग्य मात्रेत देऊन दरवर्षी मोहोर आणण्याचे तंत्र या विद्यापीठाच्या शिफारशीतून घराघरांत पोहोचले. त्याचा अतिरेक करून झाडे थकवणारेही निघाले, विशेषतः बाग कराराने घेणारे, ज्यांना पुढच्या दहा वर्षांशी देणेघेणे नसते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीचा ‘सिंधू’ या जाती येथून निघाल्या. बाजाराने मात्र हापूसचेच नाव धरून ठेवले.

काजूची गोष्ट याहून यशस्वी आहे. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जातींनी रानकाजूची जागा घेतली. १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा कलमांना एकाएकी मोठी मागणी आली, आणि कोय कलमाचे तंत्र शिकलेल्या तरुणांनी तालुक्यात रोपवाटिका उभ्या केल्या. नोकरीसाठी मुंबईला न जाता कलमे बांधून घर चालवणारी माणसे त्या काळात तयार झाली. माझ्या मते विद्यापीठाच्या आर्थिक परिणामाचे हे सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

कृषीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवले जाते. ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून येणारी ही मुले माती परीक्षण, बोर्डो मिश्रण, बीजप्रक्रिया यांची प्रात्यक्षिके दाखवतात. गावातले ज्येष्ठ शेतकरी त्यांच्याकडून जितके शिकतात, तितकेच त्यांना शिकवतातही.

मग बागांत काम करणारे मजूर कोण?

गावातील तरुण बाहेर गेल्यावर जी पोकळी राहिली, ती मोठ्या प्रमाणात नेपाळी कामगारांनी भरली. हापूसच्या बागांत हंगामभर झोपडी बांधून राहणारे, फवारणी-राखणीपासून काढणीपर्यंत सगळे करणारे ‘गुरखे’ आता संपूर्ण जिल्ह्यात आहेत, आणि मासेमारी नौकांवरही ते दिसतात. येथील माणूस मुंबईत परका मजूर होतो आणि येथे दुसऱ्या देशातला माणूस मजूर होऊन येतो. दापोलीच्या लोकसंख्येची चर्चा विद्यार्थ्यांपाशी थांबते, तेव्हा या लोकांचा सहसा विसर पडतो.

मासेमारी आणि पर्यटन यांचा वाटा काय?

हर्णै हे तालुक्याचे मासळीचे मुख्य बंदर असून तेथील किनाऱ्यावरचा लिलाव प्रसिद्ध आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ही उलाढाल थांबते.

पर्यटनाचे गणित थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण त्याचा महाविद्यालयीन गावाशी थेट संबंध आहे. मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवारी येतात, आणि ज्याच्याकडे दोन जादा खोल्या आहेत त्याच्यापुढे निवड उभी राहते: विद्यार्थ्याला वर्षभरासाठी द्यायच्या, की पर्यटकाला रात्रीच्या दराने द्यायच्या? किनाऱ्यावरील गावांनी पर्यटक निवडला. शहरात आणि विद्यापीठाच्या आसपास विद्यार्थीच टिकून आहे, कारण पर्यटक पावसाळ्यातल्या सोमवारी येत नाही आणि मेसचे पैसेही भरत नाही. दापोलीला रेल्वे नाही. सर्वांत जवळचे स्थानक तीसेक किलोमीटरवरचे खेड आहे. या गैरसोयीमुळे किनारा बराच काळ शांत राहिला, हेही तितकेच खरे.

२०२० मध्ये नेमके काय झाले होते?

मार्चपासून टाळेबंदीमुळे महाविद्यालये व वसतिगृहे रिकामी झाली, खोल्या व मेस बंद पडल्या, आणि ज्या हंगामात आंबा व पर्यटक दोन्ही हवेत त्याच हंगामात रस्ते बंद होते. मुंबईतले चाकरमानी मिळेल त्या मार्गाने गावी परतले. त्यानंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनारपट्टीवर नारळ-पोफळीच्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नारळ लावल्यापासून पूर्ण उत्पन्न देईपर्यंत बरीच वर्षे जातात, त्यामुळे ते नुकसान एका वर्षाच्या हिशेबात मावणारे नव्हते. त्या काही महिन्यांत खेड्यांत माणसे होती आणि शहर ओस होते. नेहमीचे चित्र पूर्ण उलटे झाले होते. पगारांचा आधार किती महत्त्वाचा, हे बाजारातल्या दुकानदारांना तेव्हा वेगळे सांगावे लागले नाही.

स्थानिक मुले येथे शिकून येथेच राहतात का?

फार थोडी. पदवी हातात आली की बँक, शासकीय कृषी विभाग, खते-बियाणे कंपन्या किंवा स्पर्धा परीक्षा हेच मार्ग समोर असतात, आणि ते सगळे जिल्ह्याबाहेर जातात. कोकणातील जमिनीचे तुकडे लहान, सातबाऱ्यावर नावे अनेक, आणि त्यातील निम्म्या सह्या मुंबईत. अशा जमिनीवर कर्ज काढून काही उभारणे शिकलेल्या मुलालाही अवघड जाते. जी मुले राहतात, ती बहुधा रोपवाटिका, काजू प्रक्रिया, कोकम-आगळ यांसारखे फळप्रक्रियेचे उद्योग किंवा घरगुती पर्यटन यांत असतात.

गावाची भाषा आणि समाजरचना कशी आहे?

खेड्यांत कुणबी समाज मोठा आहे. किनाऱ्यावर कोळी, भंडारी आणि कोकणी मुसलमान यांची जुनी वस्ती आहे, आणि मुस्लिम मोहल्ल्यांतील अनेक घरांचा पैसा मुंबईऐवजी आखाती देशांतून येतो. मराठा, बौद्ध व ब्राह्मण समाजही तालुकाभर आहेत. वणंद हे रमाबाई आंबेडकरांचे माहेर याच तालुक्यात आहे. शहरात मात्र कानावर पडणारी मराठी अनेक वळणांची असते: रिक्षावाल्याची कोकणी ढंगाची, गिऱ्हाइकाची सोलापुरी, प्राध्यापकाची वऱ्हाडी.

पुढच्या जनगणनेत हे चित्र स्पष्ट होईल का?

नव्या गणनेचा संदर्भ-क्षण १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे आणि त्या वर्षीही होळी मार्चच्या उत्तरार्धात येते. म्हणजे पुन्हा सत्र चालू असेल आणि चाकरमानी यायचा असेल. यावेळी जातींचीही नोंद होणार असल्याने या तपशिलाला अधिक महत्त्व येते. वसतिगृहातील सांगलीच्या मुलाची जात दापोलीच्या खात्यावर लिहिली जाईल, आणि दापोलीच्या वाडीतला जो कुणबी तरुण गणपतीला न चुकता घर उघडतो, त्याची नोंद तो जेथे राहतो तेथे, विरार किंवा नालासोपाऱ्याला होईल.